हजेरीपटात न दिसणारी दाढ



दीक्षान्त समारंभाला पाहुणा बोलावतात तो उपदेश करायला, आणि उपदेश ऐकण्याच्या मनःस्थितीत सभागृहात कुणीच नसतं. झगा सावरायचा असतो, फोटो काढून घ्यायचे असतात, मागच्या रांगेतले आईवडील माना उंच करून आपलं पोर शोधत असतात. म्हणून मी एकच मुद्दा मांडणार आहे. न पटला तर वाद घालायला चहापानाची वेळ आहेच. मुद्दा असा की लहान मुलाचा किडलेला दात हा केवळ दवाखान्याचा विषय आहे, असं आपण धरून चाललो, तिथेच आपलं चुकलं. तो शाळेचा विषय आहे, अगदी वाचन आणि पाढे शाळेचा विषय आहेत त्याच अर्थाने. एकदा असं मानलं, की त्यावरचा इलाज कुठे करायचा, कधी करायचा आणि कुणी करायचा, या प्रश्नांची आजवरची उत्तरं आपल्याला बदलावी लागतात.

काही आकडे तुम्हा तरुण दंतवैद्यांना पाठ असतील, तरी तुमच्या पालकांसाठी सांगतो. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर मौखिक आरोग्याची पाहणी केली, तेव्हा पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. बाराव्या वर्षी हे प्रमाण ५३.८ टक्के होतं आणि पंधराव्या वर्षी ६३.१ टक्के. पाहणी जुनी झाली हे खरं; पण या वीस वर्षांत आपल्या खेड्यापाड्यांतल्या टपऱ्यांवर काय काय लटकू लागलं आहे ते पाहता, परिस्थिती आपोआप सुधारली असेल असं मानायला मी तयार नाही. जगाचा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मांडला : दुधाचे दात किडलेली मुलं सुमारे ५१ कोटी ४० लाख. आता प्रत्येक किडलेला दात दुखतोच असं नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण उपचाराविना राहिलेली कीड एक ना एक दिवस दाताच्या गाभ्यापर्यंत पोहोचते, हेही तुम्हाला सांगायला नको.

ती पोहोचल्यावर काय होतं ते जरा जवळून पाहू. दाताचा गाभा चहूबाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला असतो. सूज आली तर पसरायला जागा नाही. मूल रात्री आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि दिवसभर सोसवणारी दाढ ठणकायला लागते. घरात लवंग दाबतात, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात, पहाटे कधीतरी डोळा लागतो. सकाळी दहाला तेच मूल दुसरीच्या वर्गात पाढ्यांसमोर बसलेलं असतं. मधल्या सुटीत शाळेची खिचडी ते एकाच बाजूने चावतं आणि अर्धी टाकतं. घरी भाकरी चहात बुडवल्याशिवाय खात नाही. मोठ्याने वाचायला सांगितलं तर तोंड पुरतं उघडत नाही. आणि गंमत अशी, की लहान मुलाला हे सांगता येतंच असं नाही. नेमकं कुठे दुखतंय ते त्याला बोटाने दाखवता येत नाही. कित्येकदा दुखणं हेच नेहमीचं झालेलं असतं, मग त्यात सांगण्यासारखं काय उरलं? गुरुजींना फक्त इतकं दिसतं, की पोराचं लक्ष नाही. प्रगतिपुस्तकात तोच शेरा पडतो. हजेरीपटावर मात्र ते हजर असतं.

या ‘हजर’ शब्दापाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण दात आणि शाळा यांचा संबंध सांगताना जगभर आधी गैरहजेरीचा आकडा पुढे केला जातो. अमेरिकेच्या सर्जन जनरलने २००० साली मौखिक आरोग्यावर मोठा अहवाल काढला. दातांच्या तक्रारींपायी तिथल्या मुलांचे वर्षाला ५ कोटी १० लाख शालेय तास बुडतात, हे त्यातलं वाक्य तेव्हापासून असंख्य भाषणांत आलं आहे. आकडा भारदस्त आहे. पण त्याला अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या संख्येने भागा. दर मुलामागे वर्षाला जेमतेम तासभर पडतो. वर्षाला एक तास बुडाल्याने कुणाचं शिक्षण बुडालं, असं एखाद्या चिकित्सक श्रोत्याने विचारलं तर त्याचं काय चुकलं? हा आक्षेप मला रास्त वाटतो. त्याला उत्तरं दोन आहेत. पहिलं हे, की सरासरी इथे फसवते. ज्यांचे दात धड आहेत त्यांचा एकही तास बुडत नाही. सगळा भार थोड्या मुलांवर पडतो, आणि ती बहुतेक गरिबाघरची असतात. लॉस एंजेलिसमधल्या गरीब वस्त्यांतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्राथमिक शाळेतली मुलं वर्षाला सरासरी सहा दिवस गैरहजर होती आणि त्यांतले दोनहून थोडे अधिक दिवस दातांपायी गेलेले होते. म्हणजे एक तृतीयांश गैरहजेरी एकट्या तोंडाची. दुसरं उत्तर मला अधिक महत्त्वाचं वाटतं. त्याच अभ्यासात ज्यांना दातदुखी होती त्यांचे गुण मध्यापेक्षा खाली असण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ चौपट निघाली. दोन दिवसांच्या गैरहजेरीने एवढा फरक पडत नाही. खरं नुकसान ज्या दिवशी मूल शाळेत येतं त्या दिवशी होतं, आणि ते मोजायला आपल्याकडे रकानाच नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. गरीब मुलांचे दात किडतात, गरीब मुलांना गुणही कमी मिळतात. दोन्हींच्या मुळाशी गरिबी आहे, दाताला उगाच का बोल लावता, असं अर्थशास्त्राचा कुणीही विद्यार्थी विचारील. विचारायलाच हवं. या विषयावरचे बहुसंख्य अभ्यास एका वेळी घेतलेल्या पाहणीवर उभे आहेत आणि अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध करणं अवघड असतं. तरीही दोन गोष्टींनी माझं मत बनलं. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या दोन हजारांहून अधिक मुलांच्या माहितीचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं तोंडाचं आरोग्य वाईट, ती मुलं दातदुखीने शाळा चुकवण्याची शक्यता इतरांच्या जवळपास तिप्पट होती. पण त्यातला खरा मासला पुढे आहे. संशोधकांनी गैरहजेरीचे दोन भाग केले : दात दुखला म्हणून बुडालेली शाळा, आणि नेहमीच्या तपासणीसाठी दंतवैद्याकडे गेल्याने बुडालेली शाळा. दुखण्याने बुडालेल्या शाळेचा संबंध कमी प्रगतीशी लागला. तपासणीने बुडालेल्या शाळेचा लागला नाही. मुलांची प्रगती इथे पालकांनी सांगितलेली आहे, हा त्या अभ्यासाचा कच्चा दुवा मान्य करू. पण वर्गातून उठून जाण्याने नुकसान होत नाही आणि दुखण्याने होतं, एवढं त्यातून उमगतं.

दुसरी गोष्ट अधिक चतुर आहे. अमेरिकेत १९४५ साली मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सने पिण्याच्या पाण्यात प्रमाणात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. पुढे एकेक शहर त्याच वाटेने गेलं. कुणी लवकर, कुणी उशिरा, कुणी कधीच नाही. आपल्या नळाला कसलं पाणी येतं हे काही कुठलं कुटुंब ठरवत नाही. शेरी ग्लीड आणि मॅथ्यू नायडेल या अर्थतज्ज्ञांनी याचाच उपयोग केला. लहानपणी फ्लोराइडयुक्त पाणी मिळालेल्या स्त्रियांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी जास्त असल्याचं त्यांना आढळलं. हा परिणाम मुख्यतः गरीब घरांतून आलेल्या स्त्रियांत दिसला; पुरुषांत दिसला नाही. बाईच्या दातांकडे जग कसं बघतं यावर ही एक बोचरी टीपच आहे, पण तो वेगळ्या भाषणाचा विषय. आपल्यापुरतं इतकं पुरे, की गरिबी आहे तशीच ठेवून नुसते दात बदलले, तरी आयुष्यात फरक पडतो.

घरोघरचा आक्षेप याहून साधा असतो. दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, त्यांच्यावर पैसे कशाला घालायचे? तुमच्यापैकी प्रत्येकाने हे वाक्य इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात ऐकलं असेल. ते नुसतं हसून सोडून देऊ नका, कारण त्यात एक हिशेब दडलेला आहे आणि तो हिशेब कालगणनेत चुकतो. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, म्हणून सगळेच तेव्हा पडतात असा समज होतो. दुधाच्या दाढा मात्र दहाव्या, अकराव्या, कधी बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. म्हणजे पहिली ते पाचवी हा सगळा काळ मूल त्यांच्यावरच चावतं. अक्षर ओळखण्यापासून भागाकारापर्यंतचं सगळं शिक्षण याच दाढांच्या साक्षीने होतं. ‘पडणारच आहेत’ हे खरं. पण त्या पडेपर्यंत प्राथमिक शाळा संपलेली असते.

आणि मग ती सहाव्या वर्षाची दाढ. पहिली कायमची दाढ दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, हिरडीतून गुपचूप वर येते. ती येताना एकही दात पडत नाही. त्यामुळे घरात कुणाला पत्ता नसतो, की आयुष्यभर पुरवायचा दात आला आहे. तीही दुधाचीच समजली जाते. तिच्या माथ्यावर खोल, अरुंद चिरा असतात, इतक्या अरुंद की ब्रशचा केस आत शिरत नाही. मधल्या सुटीतल्या पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचा लगदा मात्र बरोबर शिरतो. शिवाय वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटं वाटण्याची आपली नवी रीत आहेच. अशा दाढा चार. नव्या शैक्षणिक धोरणाने पहिलीचं वय सहा ठरवलं आहे. मूल ज्या वर्षी पाटी-दप्तर घेऊन शाळेची पायरी चढतं, नेमकं त्याच वर्षी या दाढा वर येतात आणि त्याच काळात त्यांना सर्वांत जास्त धोका असतो. निसर्गाने दंतवैद्याला यापेक्षा स्पष्ट निरोप पाठवायचा तो कसा? सगळी मुलं एका जागी, एका वयाची, त्या दाढा नुकत्या आलेल्या. आणि आपण मात्र ती पाच वर्षांनी गाल सुजवून दवाखान्यात येण्याची वाट पाहतो.

शाळांत आम्ही शिबिरं घेतोच की, असं इथले प्राध्यापक म्हणतील. घेता, हे मान्य. त्या शिबिरांबद्दल मात्र मी जरा कडू बोलणार आहे. बॅनर लागतो, सत्कार होतो, मुलं रांगेत उभी राहतात, अर्ध्या मिनिटात एक तोंड पाहून होतं, टूथपेस्टचा नमुना हातात पडतो आणि किडलेल्या दातांच्या मुलाला चिठ्ठी मिळते : जिल्हा रुग्णालयात दाखवा. ती चिठ्ठी दप्तराच्या तळाशी जाते. रुग्णालयात जायचं म्हणजे आईची किंवा बापाची एक दिवसाची मजुरी बुडणार, एसटीचं भाडं लागणार, आणि एका फेरीत काम होईलच याची खात्री नाही. नुसत्या तपासणीने काय साधतं, हे इंग्लंडमध्ये नीट चाचणी करून पाहिलं गेलं. शाळेत तपासून पालकांना चिठ्ठी पाठवण्याने मुलांच्या दातांतली कीड कमी झाली नाही. आपल्याकडे राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तोही आपल्याच पालघरमधून. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातही आहेत. योजना चांगली आहे. पण पथकात आयुषचे दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असते, दंतवैद्य नसतो. दात पाहिले जातात, नोंदले जातात आणि पुढे पाठवले जातात. या ‘पुढे’ शब्दातच सगळं अडकतं.

जिथे इलाज शाळेतच झाला तिथे काय घडलं, ते पाहा. स्कॉटलंडमध्ये पाच वर्षांच्या मुलांचे दात युरोपात वाईट म्हणून बदनाम होते. तिथे बालवाड्यांतून रोज, शिक्षिकेच्या देखरेखीखाली, फ्लोराइड पेस्टने दात घासून घ्यायला सुरुवात झाली. २००६ पासून चाइल्डस्माइल नावाच्या कार्यक्रमात त्याला फ्लोराइडच्या वॉर्निशची आणि घरभेटींची जोड मिळाली. पहिलीतल्या ज्या मुलांच्या दातांत उघड कीड नाही त्यांचं प्रमाण २००३ मध्ये ४५ टक्के होतं, ते २०१८ मध्ये ७१ टक्क्यांवर गेलं. स्कॉटलंड श्रीमंत देश आहे म्हणून हे जमलं, असं म्हणाल तर फिलिपिन्स घ्या. तिथल्या २००६ च्या पाहणीत सहा वर्षांच्या शंभरातल्या ९७ मुलांचे दात किडलेले होते. त्या देशाने हे काम आरोग्य खात्यावर न सोपवता शिक्षण खात्याकडे दिलं. मुलं शाळेत रोज साबणाने हात धुतात, रोज दात घासतात आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी घेतात. पाणी नसेल तर डबा, नळ नसेल तर भोकं पाडलेला पाइप. त्याच देशात, दाताच्या मुळाशी पू झालेल्या बारा वर्षांच्या मुलांत वजन उंचीच्या मानाने कमी असण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. म्हणून ‘आधी कुपोषणाचं बघा, दातांचं नंतर’ या म्हणण्यात मला अर्थ वाटत नाही. ज्याला चावता येत नाही त्याच्यापुढे पोषण आहाराचं ताट ठेवून काय उपयोग?

शिक्षक मात्र इथे कपाळावर आठ्या घालतील आणि त्यांचं चुकत नाही. जनगणना त्यांची, निवडणूक त्यांची, खिचडीचा हिशेब त्यांचा, आता दातही घासून घ्यायचे? माझं म्हणणं असं, की शिक्षकाला रोगनिदान करायला लावू नये. त्याने फक्त जेवणानंतरची चार मिनिटं द्यावीत. उरलेलं काम तुमचं. आणि ते काम आता पूर्वीइतकं अवघडही राहिलेलं नाही. खुर्ची नाही, वीज नाही, म्हणून शाळेत काही करता येत नाही, हे कारण टांझानियात ऐंशीच्या दशकातच निकालात निघालं. हातातल्या साध्या अवजारांनी मऊ झालेली कीड खरवडून काढायची आणि ग्लास आयोनोमर भरायचं, ही रीत तिथे बसवली गेली. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावून कीड जागच्या जागी थांबवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, आणि न्यूयॉर्कच्या शाळांतल्या चाचणीत ते दाढेच्या चिरा बुजवणाऱ्या सीलंटच्या व भरणाच्या तोडीस उतरलं. त्याने डाग काळा पडतो; ते आईला आधी सांगावं लागेल, नाहीतर दुसऱ्या दिवशी गाव तुमच्या दारात उभं राहील. फ्लोराइडचं नाव काढताच यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडची मंडळी बिचकतील, तेही योग्य कारणाने. तिथल्या काही गावांच्या भूजलात ते आधीच जास्त आहे आणि मुलांच्या दातांवर त्याचे तपकिरी डाग दिसतात. तिथे पाण्याची तपासणी आधी, बाकी सारं नंतर. पण वाटाण्याएवढी पेस्ट आणि घासून झाल्यावर थुंकायची सवय, हे पाण्यातून येणाऱ्या फ्लोराइडपेक्षा निराळं प्रकरण आहे.

एक आक्षेप तुमच्या मनात असेल आणि सभ्यपणे तुम्ही तो बोलणार नाही. शिक्षणाचं कर्ज आहे, खुर्चीचा हप्ता सुरू होणार आहे, मोक्याच्या जागेचं भाडं डोळे पांढरे करणारं आहे. शाळांत फुकट दाढा भरत बसलो तर पोटाचं काय? तुमच्या त्यागावर उभी राहणारी कुठलीही योजना टिकणार नाही, असंच माझंही मत आहे. बालस्वास्थ्याच्या पथकांत दंतवैद्याची पगारी जागा असली पाहिजे आणि ती मागण्याचा हक्क तुमच्या संघटनांचा आहे. १९४८ साली दंतवैद्यकाचा स्वतंत्र कायदा झाला आणि २०२३ मध्ये त्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा आला. कायदा बदलतो तेव्हा मागण्या मांडायची खिडकी थोडा काळ उघडी असते. मात्र मागणी घेऊन जाल तेव्हा हातात केवळ ‘इतक्या मुलांचे इतके दात किडले’ असा तक्ता नेऊ नका. आरोग्य खात्याचं टेबल अशा तक्त्यांनी भरलेलं आहे. किती मुलांची किती रात्रींची झोप गेली, किती दिवस ती वर्गात असूनही नव्हती, आणि दाढ भरल्यावर तीच मुलं वाचायला लागली का, हे नोंदवा आणि तो कागद शिक्षण खात्यात नेऊन द्या. असा हिशेब आजपर्यंत आपल्याकडे फारसा कुणी मांडलेला नाही. तो मांडायला लागणारं सगळं ज्ञान आज तुमच्या हातातल्या त्या गुंडाळीत आहे.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतील, विदर्भात थोड्या उशिरा. पहिलीच्या वर्गात जी मुलं येतील त्यांच्या तोंडात त्या चार दाढा नुकत्या डोकावत असतील. तुम्ही जिथे कुठे पाटी लावाल, तिथून सर्वांत जवळची शाळा शोधा आणि मुख्याध्यापकांना भेटून एक सकाळ मागून घ्या. टॉर्च आणि सीलंट बरोबर न्या. बॅनर नेऊ नका.